वाटा कितीला?

पावसाळा लागला की आपल्यापैकी अनेकींच्या गटांची एक सहल टिटवाळ्याला निघते. बचत गट असो, भिशीचा गट असो, नाहीतर चाळीतल्या बायकांचं महिला मंडळ असो. मंगळवार धरला तर गर्दी, अंगारकी असली तर विचारायलाच नको, म्हणून शहाण्या बायका मधलाच एखादा वार गाठतात. कल्याणच्या पुढे शहाड, आंबिवली आणि मग टिटवाळा. उतरायचं, रिक्षा करायची, पाच-दहा मिनिटांत देवळाशी. दर्शन तासाभरात उरकतं. बाकी सगळा दिवस जातो तो बाजारात.

या अंकासाठी रस्त्यावरच्या बाजारात बसणाऱ्या बायांबद्दल लिहायचं ठरलं तेव्हा पहिला प्रश्न असा आला की लिहायचं कुणाच्या बाजूने? विकणारीच्या की घेणारीच्या? आपण स्वतः बहुतेक वेळा घेणाऱ्याच असतो, आणि त्यातही परगावाहून आलेल्या, संध्याकाळच्या गाडीने परत जाणाऱ्या. म्हणून मी तिथूनच सुरुवात करते.

खरेदी या गोष्टीला आपल्या चळवळीत फारशी प्रतिष्ठा नाही. मोर्चाला येताना बाईने वाटेत बांगड्या बघितल्या की कुणीतरी डोळे वटारतंच. पण घरातून बाहेर पडण्याची परवानगी किती बायांना किती मुश्किलीने मिळते हे आपल्याला समुपदेशनाच्या टेबलावर रोज कळत असतं. बैठकीला सोडत नाहीत, मैत्रिणीकडे सोडत नाहीत, माहेरीही वर्षातून एकदा. देवाला मात्र सोडतात. आमच्या वस्तीतल्या कितीतरी सुनांना टिटवाळा एवढीच वर्षातली स्वतःची अशी सहल असते, आणि हातात असतात गटातून उचललेले पाचशे रुपये, ज्यांचा हिशेब नवऱ्याला द्यावा लागत नाही. एकदा परतीच्या गाडीत सहज म्हणून मी बायकांच्या पिशव्यांत डोकावले होते. मुलाला खेळणं, नणंदेला बांगड्या, सासूला देवाचा फोटो, घराला चाळणी, शेजारणीला प्रसाद. स्वतःसाठी काय घेतलं, तर केसांना लावायची क्लिप. ती दहा रुपयांची. तेव्हा या खरेदीला कुणी चैन म्हणायला लागलं तर मला ते पटत नाही. भाव करण्यात, दुकानादुकानांतून नुसतं फिरण्यात, कुणी घाई करत नसताना एखादी वस्तू उलटसुलट करून पाहण्यात त्या बाईला जे सुख मिळतं ते तिच्या हक्काचं आहे.

आता बाजार बघू. टिटवाळ्यात खरं तर दोन बाजार आहेत. एक देवळाच्या वाटेवरचा. हार, जास्वंद, दुर्वांच्या जुड्या, नारळ, ओटीचं सामान, मोदक, पेढे, गणपतीचे फोटो, लॉकेट, लाकडी आणि प्लॅस्टिकची खेळणी, बांगड्या, चणे-फुटाणे. हा बाजार भाविकांसाठी मांडलेला आहे. दुसरा स्टेशनच्या आसपासचा. तो गावाचा आणि चाकरमान्यांचा बाजार: भाजी, मासळी, फळं, कपडे. दोन्हीकडे एक गोष्ट सारखी दिसते. पक्क्या गाळ्यात, फळीवर किंवा काउंटरमागे बहुतेक पुरुष उभा असतो आणि खाली जमिनीवर, गोणपाट नाहीतर प्लॅस्टिकचा कागद पसरून, बाई बसलेली असते. गाळ्यातल्या हारांच्या दुकानातसुद्धा गल्ल्यावर तो आणि मागे बसून फुलं ओवणारी ती. तिला मालकीण म्हणायचं की घरची माणूस म्हणायचं की बिनपगारी कामगार म्हणायचं, हे तिला विचारलं तर ती हसते.

देवळाबद्दल थोडं. हा गणपती विवाहविनायक म्हणून ओळखला जातो. जमत नसलेली लग्नं जमतात आणि मोडत आलेली सांधली जातात अशी श्रद्धा आहे. कण्वमुनींचा आश्रम इथे होता आणि दुष्यंताने न ओळखलेल्या शकुंतलेने कण्वांच्या सांगण्यावरून इथे गणपतीची पूजा केली अशी दंतकथा. मूर्ती पेशवाईत थोरल्या माधवरावांच्या काळात तळ्याचा गाळ काढताना सापडली असं सांगतात. म्हणून इथे आईबापांसोबत येणाऱ्या लग्नाच्या मुली खूप दिसतात, आणि ओटीच्या ताटांची विक्रीही त्यांच्याच जिवावर चालते. मला मात्र शकुंतलेचा विषय निघाला की कालिदासाच्या आधीची, महाभारतातली शकुंतला आठवते. तिच्याजवळ अंगठीबिंगठी काही नाही. ती मुलाचा हात धरून भर दरबारात राजाला त्याचा शब्द आठवून देते आणि चांगली खडसावते. कालिदासाने तिला अंगठी दिली आणि ती हरवायलाही लावली. ओळख पटवायला वस्तू पाहिजे, कागद पाहिजे, नुसती बाई पुरत नाही, हे तेव्हापासूनचं. हा विषयांतराचा दोष मान्य, पण कागदाकडे पुढे यायचंच आहे.

टिटवाळ्याच्या बाजारात जिच्यासाठी मी हे लिहितेय ती बाई देवळाच्या वाटेवर कधीमधी दिसते आणि स्टेशनजवळ जास्त. ती ठाकूर किंवा कातकरी. मुरबाड, शहापूरकडच्या पाड्यांवरून येते. मृगाच्या आसपास तिच्या पाटीत शेवळं असतात, सोबत काकडं. मग टाकळा, कुरडू, भारंगी, फोडशी, आणि पाऊस स्थिरावला की करटोली. उन्हाळ्यात तीच बाई पानांच्या द्रोणात करवंदं आणि जांभळं घेऊन बसते. तिच्याकडे तराजू नसतो. ती वाटे लावते.

शहरातून गेलेल्या आपल्याला या भाज्यांचं भारी कौतुक. गेल्या काही वर्षांत तर रानभाज्या म्हणजे एकदम प्रतिष्ठेची वस्तू झाली आहे. पण त्यातल्या निम्म्या भाज्या आपल्याला करता येत नाहीत. शेवळं नीट केली नाहीत तर घसा खाजतो, म्हणून ती काकडांबरोबर शिजवायची. भारंगी उकडून पिळून घ्यायची, नाहीतर कडू. टाकळ्याचा नुसता कोवळा पालाच घ्यायचा. हे सगळं ती बाई प्रत्येक गिऱ्हाइकाला न कंटाळता सांगते. ‘घे बाय, आजचीच हाय,’ इथपासून ‘चिंच टाकशील तर चालंल’ इथपर्यंत. म्हणजे वीस रुपयांच्या वाट्यात भाजी असते आणि तिच्या आजीपासून चालत आलेली माहितीही असते. आपण वाटा उचलतो आणि म्हणतो, ‘मावशी, दोन तीसला द्या.’

एकीबरोबर मी बसून हिशेब मांडला. तिची परवानगी घेऊन आकडे देते, नाव देत नाही. आदल्या दिवशी सकाळी ती आणि तिची सून रानात गेल्या, दुपार कलल्यावर परत आल्या. रात्री निवडणं, जुड्या बांधणं. दुसऱ्या दिवशी अंधारातच पाडा सोडला, रस्त्यापर्यंत पायी, तिथून जीप, मग आसनगावहून लोकल. गर्दीच्या वेळी पाटी घेऊन बायकांच्या डब्यात चढलं तर बायकाच ओरडतात, म्हणून मालडबा. भाजीचे वाटे झाले बावीस. वीसप्रमाणे तेरा गेले, पंधराप्रमाणे पाच, उन्हं उतरली तेव्हा उरलेले चार दहा-दहाला. झाले ३७५ रुपये. जीपचे आणि गाडीचे ९० गेले, चहा-वड्याचे ३०. राहिले २५५. हे दोन बायांचे मिळून दोन दिवस. २०२५-२६ साली महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामाचा दर दिवसाला ३१२ रुपये होता, तो एका माणसाचा.

आता ‘दोन तीसला द्या’ या वाक्याची किंमत काढा. दर गिऱ्हाइकामागे दहा रुपये. मी काही भाव करू नका असा उपदेश करणार नाही. भाव करणं हा बाजाराचा रिवाज आहे, विकणारीही तो धरूनच पहिला आकडा सांगते, आणि जिच्या पिशवीत एकूण पाचशे रुपये आहेत तिला दहा रुपये लहान नसतात. मला खटकतं ते वेगळं. त्याच देवळाच्या वाटेवर, पेढ्यांच्या दुकानात, काउंटरमागच्या माणसाने किलोचा भाव सांगितला की आपण गप्प पैसे काढतो. पाटी लावलेली असते, दर छापलेला असतो, वर दिवे लावलेले असतात. तिथे भाव करायला आपल्याला लाज वाटते. जमिनीवर बसलेल्या बाईपुढे आपण उभ्या असतो, वरून खाली बघत असतो, आणि आपला आवाज आपोआप चढतो.

चळवळीने हा पेच तसा लवकर ओळखला होता, पण एकाच बाजूने. १९७२ साली मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आणि त्यांच्या साथिणींनी महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी केली आणि लाटणी घेऊन हजारो बायका रस्त्यावर उतरल्या. गृहिणीची पिशवी हा राजकारणाचा विषय आहे हे त्या मोर्चांनी महाराष्ट्राला शिकवलं. त्यांची लढाई साठेबाजांशी आणि सरकारशी होती, भाजीवालीशी नव्हे. पण पुढे ग्राहक हा शब्द जसजसा रुळला तसतसं त्यातलं हे भान सुटत गेलं आणि स्वस्त मिळणं एवढंच उरलं. त्याच सुमारास, १९७२ मध्येच, अहमदाबादेत इला भट्टांनी ‘सेवा’ सुरू केली. तिथल्या माणेकचौकात भाजी विकणाऱ्या बायांच्या दोन टोपल्यांच्या जागेसाठी त्यांना पुढे सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं. एकीकडे पिशवीवाली, दुसरीकडे टोपलीवाली. दोघींना एका बैठकीत बसवणं आपल्याला महाराष्ट्रात फार थोड्या वेळा जमलं.

कायद्याबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण आपल्या गटांना तो वापरायचा आहे.

१९८९ साली सोदान सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की रस्त्यावर विक्री करणं हा व्यवसायाच्या मूलभूत हक्कात येतो, मात्र वाजवी बंधनं घालता येतील आणि अमुकच जागेवर बसण्याचा हक्क सांगता येणार नाही. मग बंधनं कोणती, यावर मुंबईत वर्षानुवर्षं कज्जे चालले. त्यातून जी योजना सर्वोच्च न्यायालयाने २००३ साली मान्य केली, तिच्यात दोन अंतरं आली: देवस्थान, शाळा, इस्पितळ यांच्यापासून १०० मीटर आणि मंडई किंवा रेल्वे स्टेशनपासून १५० मीटर. एवढ्या टापूत विक्री नाही. पण त्याला एक अपवाद ठेवला. देवळाबाहेर देवाला वाहायच्या वस्तू, म्हणजे फुलं, चंदन, मेणबत्त्या, उदबत्त्या, नारळ वगैरे विकायला परवानगी देता येईल.

या अपवादाकडे नीट बघा. भाविकाची सोय म्हणून फुलवालीला जागा मिळते. तिचं पोट हा मुद्दाच नाही, देवाला हार लागतो म्हणून ती चालते. तिच्या शेजारी भारंगीचे वाटे लावून बसलेली बाई देवाला लागत नाही, म्हणून ती अतिक्रमण. टिटवाळ्यात तर तिची दोन्हीकडून कोंडी होते. देवळापासून १०० मीटर आणि स्टेशनपासून १५० मीटर सोडून ती बसली, तर तिथे गिऱ्हाईक नाही. परगावाहून आलेली बाई रिक्षातून उतरते देवळाशी आणि परत चढते ती स्टेशनवर जायला. मधल्या रस्त्यावर कोण थांबणार?

योजना मुळात मुंबई महापालिकेसाठी होती. पण २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ माणसं गेली आणि सगळं वातावरण बदललं. पूल अरुंद होता, वर्षानुवर्षं रुंदीकरणाची मागणी पडून होती. तरी राग निघाला तो फेरीवाल्यांवर. एका फुलवाल्याचं ‘फूल पडलं’ हे ओरडणं लोकांनी ‘पूल पडला’ असं ऐकलं, अशीही हकीकत तेव्हा वर्तमानपत्रांत छापून आली. १ नोव्हेंबर २०१७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने १०० आणि १५० मीटरची बंधनं लागू असल्याचं सांगितलं आणि ठाणे, कल्याण, डोंबिवली या स्टेशनांबाहेरही हीच अंतरं मोजली जाऊ लागली.

दरम्यान २०१४ साली संसदेने पथविक्रेत्यांच्या उपजीविकेच्या संरक्षणाचा कायदा केला होता. तो १ मे २०१४ पासून लागू आहे, आणि कागदावर तरी चांगला आहे. आधी सर्वेक्षण करा, सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्रं दिली जाईपर्यंत कुणालाही हटवू नका, असं त्याच्या कलम ३ मध्ये आहे. पूर्वापार भरणारा नैसर्गिक बाजार विक्रीबंद करता येणार नाही, नुसती गर्दी होते म्हणूनही नाही, असं पहिल्या परिशिष्टात आहे. हटवायचंच झालं तर ३० दिवसांची नोटीस. माल उचलला तर त्याची यादी द्यायची आणि नाशवंत माल मागितल्या दिवशीच परत करायचा. मैत्रिणींनो, हे शेवटचं कलम १९ पाठ करून ठेवा. रस्त्यावरच्या बायांशी बोलताना गाडी येणं हा शब्दप्रयोग कुठल्याही शहरात ऐकू येतो, आणि गाडी आली की टाकळ्याच्या जुड्यांची यादी कुणी केल्याचं मी तरी अजून पाहिलेलं नाही.

पण आपल्या पाटीवालीपुरतं बोलायचं तर हाच चांगला कायदा तिच्याजवळ येऊन अडखळतो. गर्दीच्या कारणावरून विक्रीबंदी नको असं म्हणताना त्याच ओळीत सूट ठेवलेली आहे की तिथे न राहणाऱ्यांना प्रमाणपत्र देण्यावर बंधन घालता येईल. टिटवाळा कल्याण-डोंबिवली महापालिकेत. ही बाई राहते खडवलीच्या पुढे, ग्रामपंचायतीच्या हद्दीत. शहरात विकते पण शहरात राहत नाही. दुसरी अडचण कलम ५ ची. प्रमाणपत्र घेताना विक्रेत्याने लिहून द्यायचं असतं की मला उपजीविकेचं दुसरं साधन नाही. आता हिचं वर्ष बघा. चार महिने रानभाजी, भाताच्या दिवसांत लावणी-कापणीची मजुरी, दिवाळीनंतर कुटुंबासकट वीटभट्टीवर, उन्हाळ्यात करवंदं-जांभळं. एकही साधन वर्षभर पुरत नाही म्हणून ती चार साधनं धरते, आणि कायदा तिला विचारतो, दुसरं साधन आहे का? तिने खरं सांगितलं तर प्रमाणपत्र नाही. ज्याने हे कलम लिहिलं त्याच्या डोळ्यांसमोर बारा महिने एकाच कोपऱ्यावर उभा राहणारा पुरुष होता, हे उघड आहे.

यातला आणखी एक विरोधाभास म्हणजे दुसऱ्या एका कायद्याने तिला विकण्याचा हक्क आधीच दिलेला आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यात परंपरेने गोळा केलं जाणारं गौण वनोपज जमवण्याचा, वापरण्याचा आणि त्याची विल्हेवाट लावण्याचा हक्क आहे. विल्हेवाटीत वाहतूक आणि विक्री येते, हे २०१२ च्या सुधारित नियमांनी स्पष्टही केलं. म्हणजे रानातून आणणं तिचा हक्क, गाडीत घालून नेणं तिचा हक्क, विकणं तिचा हक्क. फक्त टिटवाळ्याच्या स्टेशनाबाहेर टोपली खाली ठेवायला जागा नाही. आणि ज्या रानातून ती आणते त्याचं तरी काय? टिटवाळा ज्या काळू नदीच्या काठी आहे तिच्यावरच वर मुरबाड तालुक्यात महानगराच्या पाण्यासाठी धरणाचा घाट घातला गेला. जंगलखात्याची मंजुरी नसताना सुरू झालेलं ते काम २०१२ साली उच्च न्यायालयाने थांबवलं, त्यामागे श्रमिक मुक्ती संघटनेची आणि तिथल्या आदिवासींची लढाई होती. धरणाची भाषा अधूनमधून पुन्हा वर येत असते.

गंमत म्हणजे सरकारला रानभाजीचं वावडं नाही. ९ ऑगस्टच्या आदिवासी दिनाच्या आगेमागे कृषी खातं जिल्ह्याजिल्ह्यात रानभाजी महोत्सव भरवतं. मांडव, फलक, पाककृतींच्या स्पर्धा, पाहुण्यांचे सत्कार. तिथे हीच बाई टेबलामागे उभी असते, फोटोत असते, तिची भाजी पौष्टिक असते. मांडव उठला की ती पुन्हा फुटपाथवरची अडचण. मी महोत्सवांच्या विरुद्ध नाही. पण त्या मांडवाला जागा, पाणी आणि परवानगी मिळू शकते, तर वर्षाचे चार महिने स्टेशनबाहेर वीस टोपल्यांना ती का मिळू नये?

टाळेबंदीच्या काळाबद्दल दोन ओळी. मार्च २०२० मध्ये देवळंही बंद झाली आणि लोकलही. देवळं नोव्हेंबर २०२० मध्ये उघडली, २०२१ च्या एप्रिलमध्ये पुन्हा बंद झाली आणि ७ ऑक्टोबर २०२१ ला उघडली. हारवाल्या बायांचा धंदा देवाच्या दाराला बांधलेला, तो दारासोबत बंद. रानभाजीवाल्या बायांना देवळाचं नडलं नाही तेवढं गाडीचं नडलं. २०२० च्या जूनमध्ये पथविक्रेत्यांसाठी दहा हजारांच्या कर्जाची स्वनिधी योजना आली. आजूबाजूच्या गावांतून शहरात विकायला येणाऱ्यांचाही तिच्यात उल्लेख आहे, हे महत्त्वाचं, कारण याच धर्तीवर प्रमाणपत्राचाही आग्रह धरता येईल. कर्ज मिळवायचं तरी शिफारसपत्र लागतंच, आणि ते पुन्हा पालिकेच्या दारातून.

संडासाचं नेहमीचं रडगाणं गाणार नाही. २०११ पासून ‘राइट टू पी’ मोहिमेतल्या साथिणींनी मुंबईत ते पुरेसं गाऊन दाखवलं आहे. फक्त एवढं सांगते की पहाटे पाडा सोडलेली बाई संध्याकाळपर्यंत पाणी का पीत नाही, हे तिला विचारायची गरज पडू नये. जागा सोडून गेलं तर जागा जाते आणि टोपली कोण राखणार. आपण सहलीला गेलेल्या बायका मात्र उतरल्या-उतरल्या पहिली चौकशी तीच करतो.

आता काय करायचं. कायद्यानुसार प्रत्येक पालिकेत नगर पथविक्रेता समिती असते. तिच्यात किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले आणि त्यांतल्या एक तृतीयांश जागा बायांच्या. अनुसूचित जमातींना प्रतिनिधित्व द्यायचं आहे. किमान १० टक्के जागा स्वयंसेवी आणि वस्तीपातळीवरच्या संस्थांच्या. या १० टक्क्यांत आपण कुठे आहोत? कल्याण, डोंबिवली, अंबरनाथ, बदलापूर भागातल्या गटांनी आधी हे तपासावं. हिंसाचाराच्या केसेस, रेशनचे अर्ज, शाळेचे दाखले यांतून आपल्याला फुरसत नाही हे मलाही ठाऊक आहे. पण ही समितीची बैठक आपल्यावाचून होते तेव्हा तिथे दुकानदारांच्या संघटना आणि सोसायट्यांची मंडळं आपापली माणसं पाठवतातच.

सर्वेक्षण पावसाळ्यातही व्हायला हवं. डिसेंबरात मोजणी केली तर रानभाजीवाली वीटभट्टीवर असणार आणि यादीत शून्य लागणार. मोजणी सकाळी साडेसात ते दुपारी चार या वेळेत, ती बसलेली असताना व्हावी. तिला हंगामी विक्रेती म्हणून वेगळा वर्ग मागायचा. प्रमाणपत्राचे प्रकार ठरवण्याची मोकळीक कायद्याने योजनेवर सोडलेली आहे आणि वेळ वाटून जागा देण्याची सोयही त्यात आहे. म्हणजे सकाळी रानभाजी, संध्याकाळी दुसरा कुणी, असं होऊ शकतं. ‘दुसरं साधन नाही’ या अटीबद्दल आपल्या वकील मैत्रिणींनी टिपण तयार करावं अशी माझी त्यांना विनंती आहे. वनहक्काचा दावा मंजूर झालेल्या गावांतल्या बायांना तोच कागद पुरावा म्हणून चालावा, ही मागणी शहापूर-मुरबाडच्या संघटनांसोबत बसून मांडता येईल.

हे करताना एक काळजी घ्यावी लागेल. फुलवाली आणि रानभाजीवाली यांची भांडणं लावून देणं फार सोपं आहे. ‘आमची जागा खातात’ हे वाक्य मी दोघींच्याही तोंडून ऐकलं आहे. देवळाबाहेरच्या बायांपैकी अनेकजणी तिथल्याच, वर्षानुवर्षं बसणाऱ्या, आणि अपवादाच्या आधारावर कशाबशा टिकलेल्या. आपण पाड्यावरच्या बायांचा प्रश्न घेऊन गेलो तर पहिला विरोध त्यांचाच होईल. त्यांच्याशी आधी बोलावं लागेल, आणि एका बैठकीत भागणार नाही.

सहलीला जाणाऱ्या गटांसाठी एक छोटं काम. यंदा टिटवाळ्याला गेलात की जिच्याकडून काही घ्याल तिच्याशी पाच मिनिटं बसून बोला. बसून, म्हणजे खाली बसून. कुठून येते, किती वाजता निघाली, कुठल्या महिन्यांत बसते, पावती फाडतात का, फाडली तर कितीची आणि तिच्यावर कुणाचा शिक्का आहे, माल कधी उचलून नेला का, यादी दिली का. नाव विचारायचं नाही, तिने सांगितलं तरी लिहायचं नाही. फोटो काढायचा नाही. तिचं गिऱ्हाईक आलं की आपण बाजूला सरकायचं. अंगारकीला हे करू नका, त्या दिवशी तिला बोलायला वेळ नसतो. माहिती अंकाच्या पत्त्यावर श्रावण संपायच्या आत पाठवा. पन्नास-साठ जणींची जमली तरी समितीपुढे ठेवायला सुरुवातीला पुरेल, आणि पुढच्या अंकात ती जशीच्या तशी छापू.